नावाची सरासरी निघत नाही



तुमच्या शाळेच्या कार्यालयात किंवा वाचनालयाच्या भिंतीवर एखादे जुने छायाचित्र टांगलेले असेल, तर ते आज जरा निरखून पाहा. पुढे खुर्च्यांवर शिक्षक बसलेले, मागे दोन-तीन रांगांत विद्यार्थी उभे आणि खाली जमिनीवर मांडी घालून बसलेली लहान मुले. चौकटीखाली वर्ष आणि इयत्ता लिहिलेली असते. नावे मात्र बहुधा शिक्षकांचीच असतात, आणि तीही 'श्री. जोशी', 'श्री. पाटील' एवढीच! हे जोशी कोणते? ते कोणता विषय शिकवीत? मागच्या रांगेतला तो उंच मुलगा कोण? छायाचित्र याचे उत्तर देत नाही.

उत्तर ठाऊक असणारी माणसे मात्र आजही असतात. कोणी त्याच गावात, कोणी पुण्या-मुंबईला, तर कोणी परदेशात. त्यांच्या डोक्यातील माहिती छायाचित्रापर्यंत पोहोचत नाही, एवढीच अडचण. आणि दर वर्षी अशी माणसे थोडी थोडी कमी होत जातात. ती सर्व गेली की चेहरे राहतील, पण ते कोणाचे हे कोणालाच सांगता येणार नाही.

मोठमोठ्या ग्रंथालयांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा असतो. ग्रंथालयातील वस्तूइतकीच त्या वस्तूची नोंद महत्त्वाची असते. ज्याची नोंद नाही ते पुस्तक कपाटात असून नसल्यासारखे, आणि ज्यावर नाव नाही त्या छायाचित्राचीही तीच गत! मग हजारो छायाचित्रांवर नावे घालायची कोणी?

वाचणाराही लिहू लागला

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात संकेतस्थळ म्हणजे एक प्रकारचा सूचनाफलकच होता. लिहिणारा एक आणि वाचणारे अनेक. पुढे अशी साधने निघाली, की ज्यांत वाचणाऱ्यालाही लिहिता येऊ लागले. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये 'विकी' तयार केली. कोणत्याही वाचकाला पान जागच्या जागी दुरुस्त करता यावे, ही त्यामागील कल्पना. 'विकी' हा हवाई बेटांवरील भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ 'झटपट' असा आहे. याच पद्धतीवर २००१ मध्ये इंग्रजी आणि २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. छायाचित्राखाली अभिप्राय लिहिणे, त्याला 'टॅग' म्हणजे खूणशब्द जोडणे, ही साधनेही याच कुळातली.

येथे तुमच्या मनात एक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. कोणीही काहीही लिहू शकत असेल, तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? या शंकेचे उत्तर एका प्रत्यक्ष प्रयोगात शोधू.

काचेवरची अर्धवट नावे

अमेरिकेच्या संसदेचे ग्रंथालय वॉशिंग्टन शहरात आहे. त्याचे नाव 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'. तेथे एक कोटीहून अधिक छायाचित्रे, मुद्रिते आणि रेखाचित्रे आहेत. त्यांतील एक संग्रह न्यूयॉर्कच्या बेन वृत्तसंस्थेचा. ही संस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांना छायाचित्रे पुरवीत असे. तेव्हा छायाचित्रे काचेच्या निगेटिव्हवर घेतली जात आणि चित्रातील व्यक्तीचे नाव पुष्कळदा त्या काचेवरच लिहिले जाई. त्यामुळे काही ठिकाणी फक्त आडनाव, काही ठिकाणी चुकीचे नाव, तर काही ठिकाणी तारीखच नाही, असा प्रकार होता.

१६ जानेवारी २००८ रोजी या ग्रंथालयाने सुमारे ३,००० छायाचित्रे 'फ्लिकर' या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवली. त्यांत १९१०च्या दशकातील बेन यांची वृत्तचित्रे होती आणि १९३०-४०च्या काळातील रंगीत छायाचित्रेही होती. वाचकांना एवढेच सांगितले, "पाहा, खूणशब्द जोडा आणि काही माहिती असेल तर लिहा."

ऑक्टोबर २००८ मध्ये, म्हणजे सुमारे नऊ महिन्यांनी, ग्रंथालयाने हिशोब मांडला. तोपर्यंत छायाचित्रांची संख्या ४,६१५ झाली होती.

वाचकांनी जोडलेले खूणशब्द: ६७,१७६
निदान एक तरी खूणशब्द मिळालेली छायाचित्रे: ४,५४८
वाचकांचे अभिप्राय: ७,१६६
अयोग्य म्हणून काढून टाकावा लागलेला मजकूर: २५ पेक्षा कमी
वाचकांच्या माहितीने सुधारलेल्या मूळ नोंदी: ५०० पेक्षा अधिक

आता हे आकडे नीट पाहा. खूणशब्दांची सरासरी दर छायाचित्रामागे साडेचौदाच्या आसपास पडते. पण ग्रंथालयाच्या मूळ नोंदी बदलल्या त्या पाचशेच्या घरात. सत्तर हजारांच्या जवळपास खूणशब्द, सात हजारांवर अभिप्राय आणि पाचशेच दुरुस्त्या, असे का? बाकीचे श्रम वाया गेले काय?

नाही. खूणशब्दाचे काम वेगळे आणि दुरुस्तीचे काम वेगळे. ही दोन कामे आपण वेगवेगळी समजून घेऊ.

एक पुस्तक, अनेक वाटा

समजा, तुमच्या वाचनालयात 'शेतीला उपयोगी पक्षी' अशा विषयाचे पुस्तक आले. मेलविल ड्यूई यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या दशांश वर्गीकरणात पक्ष्यांचा वर्ग ५९८ आणि शेतीचा ६३०. पुस्तक एकच, म्हणून ते एकाच कपाटात राहणार. पक्ष्यांत ठेवावे, तर शेती शिकणाऱ्याला ते सहज दिसणार नाही. शेतीत ठेवावे, तर पक्षीमित्राला दिसणार नाही.

आपल्याकडील थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. एका विषयाला अनेक अंगे असतात, तेव्हा प्रत्येक अंगासाठी स्वतंत्र चिन्ह घेऊन ती चिन्हे मेकॅनोच्या तुकड्यांप्रमाणे एकमेकांना जोडावीत, अशी कल्पना त्यांनी काढली. त्यांचे 'द्विबिंदू वर्गीकरण' १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले.

खूणशब्द हा याच गरजेतून आलेला, पण अगदी साधा उपाय आहे. पुस्तक कोठेही असो, त्याच्या नोंदीला 'पक्षी', 'शेती', 'कीड', 'घुबड', 'उंदीर' असे हवे तितके शब्द जोडावेत. ज्याला जो शब्द सुचेल त्या वाटेने तो पुस्तकापर्यंत येईल.

पण या वाटांना फाटेही फुटतात. एकाने 'मुंबई' लिहिले, दुसऱ्याने 'बॉम्बे', तर दोघांची चित्रे वेगळी पडतात. 'पान' असा खूणशब्द दिला, तर झाडाचे पान, पुस्तकाचे पान आणि विड्याचे पान एकाच ढिगात येतात. ग्रंथपालाची शिस्तबद्ध तालिका हा गोंधळ टाळते; खूणशब्द तो टाळू शकत नाहीत. म्हणून खूणशब्द तालिकेच्या जागी वापरायचे नसून तिच्या जोडीला वापरायचे असतात. त्यांचे काम शोधायला मदत करणे हे आहे. चित्रातील माणूस कोण, हे ठरविणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

बैलाचे वजन आणि माणसाचे नाव

"पण पुष्कळ लोकांनी एकच नाव सांगितले, तर ते खरे धरायला काय हरकत?" असे कोणी विचारील. यासाठी एक प्रसिद्ध प्रयोग पाहू.

१९०६ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथे पशुप्रदर्शन भरले होते. तेथे एक बैल पाहून, कापून साफ केल्यावर त्याचे वजन किती भरेल, हे ओळखण्याची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने स्पर्धेच्या चिठ्ठ्या मिळविल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्या त्याने वजनाच्या चढत्या क्रमाने लावल्या आणि बरोबर मधली चिठ्ठी काढली. तिच्यावर १,२०७ पौंड हा आकडा होता. प्रत्यक्ष वजन भरले १,१९८ पौंड! फरक केवळ ९ पौंडांचा, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. गाल्टनने हा निष्कर्ष १९०७ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात प्रसिद्ध केला.

हे कसे घडले? काहींचा अंदाज जास्त होता, काहींचा कमी. प्रत्येकाने आपापला आकडा स्वतंत्रपणे लिहिला होता. त्यामुळे एका बाजूच्या चुका दुसऱ्या बाजूच्या चुकांनी बऱ्याचशा भरून निघाल्या.

नावाच्या बाबतीत हे चालत नाही. छायाचित्रातील माणसाला दहा जणांनी 'जोशी' म्हटले आणि दोघांनी 'गोखले' म्हटले, तर मधले नाव कोणते? नावाची सरासरी निघत नाही! शिवाय, पहिल्याने 'जोशी' लिहिलेले वाचूनच बाकीच्या नऊ जणांनी 'जोशी' लिहिले असेल, तर ती दहा मते नसून एकच मत आहे. येथे मतांची संख्या उपयोगी नाही. कशावरून, हे सांगणारा एखादाच पुरावा दहा मतांवर भारी पडतो.

वॉशिंग्टनच्या प्रयोगात नेमके हेच झाले. ज्या वाचकांनी जुन्या वर्तमानपत्रातील बातमी शोधून दाखविली, मागच्या इमारतीवरून ठिकाण ओळखले किंवा त्याच प्रसंगाचे दुसरे छायाचित्र पुढे ठेवले, त्यांचे म्हणणे तपासता आले. ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांनी ते तपासले आणि पटल्यावरच मूळ नोंद सुधारली. ही माहिती फ्लिकरच्या उपक्रमातून आली, असेही त्या नोंदीत लिहून ठेवले. निर्णय बहुमताने झाला नाही आणि केवळ अधिकारानेही झाला नाही. तो पुराव्याने झाला. म्हणूनच वाचक लिहू लागले तरी ग्रंथपालाचे काम संपले नाही. उलट ते वाढले!

'घन' आणि 'धन'

आता दुसरे उदाहरण घेऊ. 'विकिस्रोत' या संकेतस्थळावर जुनी, स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके सर्वांना वाचायला ठेवलेली असतात. मराठीतही विकिस्रोत आहे. पुस्तकाच्या पानाची प्रतिमा घेतात आणि संगणक त्या प्रतिमेतील अक्षरे ओळखून मजकूर तयार करतो. पण जुन्या छपाईत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांत संगणकाची गफलत होऊ शकते. विज्ञानाच्या पुस्तकात 'घनता' ऐवजी 'धनता' आले, तर तुम्ही हसाल. पण 'घन' ऐवजी 'धन' आले, तर? दोन्ही शब्द बरोबर, दोन्ही शास्त्रात वापरले जाणारे. अशी चूक वाचताना सहज निसटते.

म्हणून तेथे एक नियम आहे. संगणकाने दिलेले, न तपासलेले पान लाल खुणेचे असते. एकाने मूळ प्रतिमेशी ताडून पाहिले की ते पिवळे होते. दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. पिवळे करणाऱ्यालाच ते हिरवे करता येत नाही. दुसरी नजर दुसऱ्याचीच हवी!

दोन नजरांनी आणखी एक गोष्ट साधते. न सापडलेल्या चुका किती असतील, याचा अंदाज करता येतो. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९७६ मध्ये ही रीत सोप्या शब्दांत मांडली.

समजा, एक मजकूर वासंती आणि सलीम या दोघांनी एकमेकांना न विचारता तपासला. वासंतीला ३० चुका सापडल्या, सलीमला २४. त्यांतील २० चुका दोघांनाही सापडल्या. आता वासंतीच्या ३० चुकांपैकी सलीमला २० सापडल्या. म्हणजे सलीमच्या नजरेला तीनांपैकी दोन चुका दिसतात, असे धरू. मग त्याला सापडलेल्या २४ चुका या एकूण चुकांच्या दोन-तृतीयांश असणार. म्हणून एकूण चुका सुमारे ३६. दोघांनी मिळून वेगवेगळ्या ३० + २४ − २० = ३४ चुका शोधल्या. तेव्हा अजून सुमारे दोन लपल्या आहेत! तळ्यातील काही मासे पकडून खुणा करून सोडतात आणि पुन्हा जाळे टाकून माशांची संख्या अजमावतात, तीच ही युक्ती.

पण सलीमने वासंतीची वही पाहून तिच्याच ३० चुका उतरविल्या तर? वासंती ३०, सलीम ३०, दोघांना सापडलेल्या ३०. गणित सांगेल की एकूण चुका ३०, म्हणजे मजकूर आता निर्दोष! आकडा चोख, पण निष्कर्ष खोटा. दुसऱ्याची वही पाहून लिहिणे वाईट का, याचे हे गणिती उत्तर आहे. त्याने नवीन माहिती तर मिळत नाहीच, वर खोटी खात्री मात्र मिळते.

वर्गात हा प्रयोग कसा करावा?

सुरुवातीला सांगितलेले शाळेचे छायाचित्र हा यासाठी उत्तम विषय आहे. विकी, सर्वांना मिळून लिहिता येईल असा संगणकावरील दस्तऐवज किंवा संगणक नसेल तर साधी आखीव वही, यांपैकी काहीही चालेल. साधन महत्त्वाचे नाही, नियम महत्त्वाचे.

१. मूळ छायाचित्रावर काहीही लिहू नका. त्याची प्रत काढा आणि प्रत्येक चेहऱ्याला रांग व क्रमांक द्या. उदाहरणार्थ, 'तिसरी रांग, डावीकडून चौथा'.

२. पाच रकाने आखा: माहिती, कोणी दिली, कशावरून, तारीख, दुसऱ्या कोणी तपासले. 'कशावरून' हा रकाना रिकामा असेल, तर ती नोंद 'ऐकीव' समजा. ऐकीव माहिती फेकून देऊ नका. पण तिला खरीही म्हणू नका.

३. जुने विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, गावातील आजी-आजोबा यांना विचारा. प्रत्येकाला वेगवेगळे विचारा, आणि आधीच्याने काय सांगितले ते सांगू नका. दोघे एकत्र बसून आठवू लागले, की ते दोन पुरावे राहत नाहीत.

४. शाळेचे वार्षिक अंक, पारितोषिकांच्या याद्या, स्थानिक वर्तमानपत्रे यांत ते नाव सापडते का, ते पाहा. शाळेचे जनरल रजिस्टर पाहायचे झाल्यास ते काम शिक्षकांनीच करावे. त्यात जन्मतारीख, जात असा खाजगी तपशील असतो.

५. मतभेद झाला तर आधीचे खोडू नका. दोन्ही नावे आणि दोन्हींची कारणे लिहा. मतभेद लिहून ठेवला, की पुढचा शोधणारा नेमके कोठून सुरुवात करायची ते जाणतो.

६. शेवटी ग्रंथपाल किंवा शिक्षक सर्व नोंदी तपासून पक्की यादी करतील. ज्यांची नावे कळली नाहीत, त्यांच्यापुढे 'अज्ञात' असे स्पष्ट लिहा. अंदाजाने भरलेल्या नावापेक्षा प्रामाणिक 'अज्ञात' अधिक मोलाचे.

यादी इंटरनेटवर ठेवायची असेल, तर आणखी काळजी घ्या. हयात व्यक्तीला विचारल्याशिवाय तिची माहिती देऊ नका. पत्ता व दूरध्वनी क्रमांक तर कधीच देऊ नका. आजच्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे खुल्या संकेतस्थळावर टाकू नका. छायाचित्राचा स्वामित्वहक्क कोणाकडे आहे, तेही आधी पाहा. वॉशिंग्टनच्या ग्रंथालयानेही अशीच छायाचित्रे निवडली होती, की ज्यांच्यावर हक्काचे ज्ञात बंधन नव्हते. खाते उघडणे हे काम शिक्षकांचे, तेही पालकांच्या संमतीने.

शिक्षकांसाठी थोडेसे

गटाने केलेल्या कामात एकच मुलगा राबतो आणि नावे मात्र सहा जणांची लागतात, हा आपला नेहमीचा अनुभव. विकीवर प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कोणत्या खात्यावरून, केव्हा, कोणता बदल झाला, हे सर्व त्यात राहते आणि कोणत्याही दोन आवृत्त्यांमधला फरक पाहता येतो. त्यामुळे अखेरच्या लेखाबरोबर तो कसा घडला, हेही तपासता येते. मात्र बदलांची संख्या मोजून गुण देऊ नयेत. नाहीतर विद्यार्थी स्वल्पविराम हलवीत बसतील! ज्याने नवा पुरावा आणला, ज्याने दुसऱ्याची चूक सभ्य शब्दांत दाखविली, आणि पुरावा समोर येताच ज्याने स्वतःचे म्हणणे मागे घेतले, त्याला गुण द्यावेत. विज्ञानाच्या तासाला आपण शिकवतो ते हेच नाही काय?

करून पाहा

१. बरणीत चवळीचे दाणे भरा. वर्गातील प्रत्येकाने दाण्यांचा अंदाज कोणालाही न दाखविता चिठ्ठीवर लिहावा. चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावून मधली काढा. नंतर दुसऱ्या बरणीसाठी प्रत्येकाने आपला अंदाज मोठ्याने सांगावा आणि तो फळ्यावर लिहावा. कोणत्या वेळी अंदाज एकमेकांच्या जास्त जवळ आले? आणि कोणत्या वेळी मधला अंदाज खऱ्या संख्येच्या जवळ आला?

२. वाचनालयातील एकाच पुस्तकाला दहा विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पाच खूणशब्द द्यावेत. किती शब्द समान आले? तेच पुस्तक ग्रंथपालांनी कोणत्या वर्गात ठेवले आहे?

३. दोघांनी एक मजकूर स्वतंत्रपणे तपासला. एकाला १८ चुका सापडल्या, दुसऱ्याला २०, आणि १५ चुका दोघांनाही सापडल्या. अजून सुमारे किती चुका शिल्लक असतील?

(तिसऱ्याचे उत्तर: एकूण सुमारे २४, सापडलेल्या २३, म्हणून सुमारे एक शिल्लक.)